गाडी माजी, बंपर दर्याचो

मुंबईत जे जे निवृत्त होतं, ते ते कोकणात येतं. आधी माणूस येतो. त्याच्यामागोमाग गोदरेजचं कपाट येतं, चाळीतला पंखा येतो, दार दोरीने बांधायचा फ्रीज येतो, आणि ज्यांचं मुंबईत जरा बरं चाललं होतं त्यांच्याबरोबर एखादी फियाटही येते. गिरगावात ज्या वस्तूला 'टाकून द्या हो आता' म्हणतात, तिलाच मालवणात पोचेपर्यंत 'असं आता मिळत नाही' म्हणायला लागतात. मुंबई-गोवा महामार्गाचं काम ज्या गतीने चाललं आहे ते पाहता, वस्तू प्रवासातच जुनी होऊन दुर्मीळ ठरत असावी.

आमच्या शेजारच्या काकांची फियाट अशीच आली. डिलाइट मॉडेल, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला तो १ मे १९८१ला, म्हणजे गाडी जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी. त्यामुळे आरटीओत गेले की काका जरा वडीलकीच्या सुरातच बोलतात. गियर स्टेअरिंगला, इंजिन १०८९ सीसीचं, पुढच्या सलग सीटवर पाहुणा सडपातळ असेल तर तिघांची सोय, आणि पुढे-मागे दोन क्रोमचे बंपर. मुंबईत असताना काका त्या बंपरमध्ये बघून टाय सारखा करत, असं काकी सांगतात. मालवणात आल्यावर आधी टाय गेला, मग त्यात बघायचा बंपर.

आमचा समुद्र फक्त मासे देतो, असा पर्यटकांचा समज असतो. तो घेतोही. नारळी पौर्णिमेला आपण त्याला वाजतगाजत नारळ देतो ते एक दिवस. बाकी वर्षभर तो आपल्या हाताने घेतो. खिडक्यांचे गज, फाटकाची बिजागरं, गॅसची शेगडी, सायकलच्या आऱ्या, दुकानांची शटरं, काही म्हणून त्याला वर्ज्य नाही. मालवणात लोखंड विकत मिळत नाही. ते दुकानदाराला पैसे देऊन समुद्राकडून भाड्याने घ्यायचं असतं. चिवल्याच्या किनाऱ्याला ज्यांची घरं आहेत त्यांना भाडं जास्त पडतं, कट्ट्याकडच्यांना कमी, एवढाच फरक.

यात समुद्राचा काही आकस नाही. लाटा फुटतात, तुषार उडतात, पाणी वाळतं आणि मीठ वाऱ्यावर स्वार होऊन गावात येतं. नुसतं जेवणातलं मीठ असतं तर एक वेळ परवडलं असतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि हवेतला ओलावा ओढून घेणं हा त्याचा जन्मजात छंद आहे. म्हणून भर मे महिन्यात, अंगाची लाही होत असतानाही, आमच्याकडचा लोखंडी गज हाताला किंचित चिकट लागतो. त्यावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. म्हणजे आठ महिने मीठ आणि चार महिने पाणी, अशी बंपरच्या नाशाची बारमाही सोय निसर्गानेच करून ठेवली आहे.

खरं तर बंपर ही वस्तू मुळात मार खाण्यासाठी जन्माला आली. गाडीचं बाकीचं अंग वाचावं म्हणून पुढे होणारी ती एक पट्टी. अमेरिकेत १९७३च्या मॉडेलांपासून सरकारने तसा नियमच केला. ताशी पाच मैलांच्या वेगाने समोरून धडक बसली तर ती बंपरने सोसावी आणि दिवे वगैरे शाबूत राहावेत. पण त्याच्या कितीतरी आधी, १९२०च्या दशकात, क्रोमचा मुलामा कारखान्यात द्यायची रीत बसली होती, आणि मार खाण्यासाठी नेमलेल्या गड्याला माणसाने दागिने घालून ठेवले होते. पन्नासच्या दशकातल्या कॅडिलॅकच्या तोंडावर तर इतकं क्रोम असे, की समोरून येणाऱ्याचे डोळे मिटावेत, आणि डोळे मिटल्यामुळेच बंपरच्या उपयोगाची वेळ यावी.

आपल्याकडे हा थाट दोघींनी आणला. एक हिंदुस्थान मोटर्सची अँबेसिडर, जी थेट २०१४पर्यंत बनत राहिली. दुसरी, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट. आधी लोक जिला लाडाने 'डुक्कर फियाट' म्हणत ती गोल पाठीची, मग १९६४पासूनची डिलाइट, आणि सत्तरच्या दशकात नामकरण झालेली पद्मिनी. गाडीसाठी नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं थांबत. तेवढ्यात घरातली मुलगी लग्नाला येई आणि नव्या गाडीचा पहिला हार वरातीचाच असे. १९८३च्या शेवटी मारुती आली. पुढे बंपर प्लास्टिकचे झाले, मग गाडीच्याच रंगाचे झाले, आणि गाडीचं तोंड कुठे संपतं नि बंपर कुठे सुरू होतो हे फक्त विमा कंपनीला कळू लागलं.

काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली. तेव्हा वर्तमानपत्रांतून जे गहिवर आले ते वाचून काका आपल्या गाडीकडे निराळ्या नजरेने बघू लागले. प्रेमाने बंपरवरून हात फिरवला, तर हाताला पोपडा आला.

"आता क्रोम करून घेवक व्हया," काका म्हणाले.

"माज्या न्हाणयेतलो नळ गळता तेका पैशे नाय, आनी ह्या भंगाराक क्रोम?" काकी आतून म्हणाल्या.

"नळ गळता तो कोणाक दिसता?"

क्रोमिंगचं सगळं अर्थशास्त्र या एका वाक्यात आलं.

कुणाच्या घरी काही गंजलं की मालवणात सल्ल्यांची भरती येते. पहिली लाट स्वयंपाकघरातून आली. तांब्या-पितळेची भांडी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या आमसुलाने आणि चिंचेने घासत आलो. तेव्हा बंपरला आगळ चोपडावं, असं वाडीतल्या बायकांचं मत पडलं. आगळाने गंज निघतोही. पण आंबट पदार्थ गंज खाऊन झाल्यावर उठून जात नाही, मागे उरलेल्या लोखंडाचीही चव घेऊन बघतो. मग मुंबईहून आलेल्या पुतणीने पोळ्या गुंडाळायचा अ‍ॅल्युमिनियमचा कागद पाण्यात बुडवून बंपरवर घासला. हा उपाय मात्र खरा निघाला. वीतभर भाग चक्क उजळला, आणि त्या उजेडात बाकीचा बंपर किती वाईट अवस्थेत आहे ते सगळ्यांना पहिल्यांदाच नीट दिसलं.

दुसरी लाट बंदरावरून आली. आमच्याकडचे तांडेल रसायनशास्त्र शिकत नाहीत, ते त्याच्यावर पोट भरतात. ट्रॉलरच्या पाण्याखालच्या भागाला जस्ताच्या वड्या बोल्टने बसवतात. खाऱ्या पाण्यात जस्त आधी झिजतं आणि पंखा-सुकाणू वाचतं. जहाजाच्या तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडून ते वाचवायची युक्ती सर हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४मध्ये मांडली. आमच्या तांडेलांना डेव्ही माहीत नाही, पण वडीचा भाव माहीत आहे.

"जस्ताची वडी बसय आनी इसरून जा," एक तांडेल म्हणाला.

"तुज्या बोटीक चलता. माज्या गाडयेक चलात काय?"

"चलात तर! फक्त गाडी पाण्यात ठेवक व्हयी."

शास्त्र म्हणून यात एक अक्षर चुकीचं नाही. वडी काम करते ती पाण्यात बुडालेली असेपर्यंतच.

तिसरी लाट वेल्डिंगच्या दुकानातून आली. पर्यटन वाढल्यापासून तारकर्ली-देवबागच्या प्रत्येक होमस्टेला स्टेनलेस स्टीलची रेलिंग लागते. त्यामुळे आमच्याकडचा फॅब्रिकेटर आता जगातल्या कुठल्याही प्रश्नाला दोन इंची पाइप हेच उत्तर देतो. "काकानू, क्रोमच्या नादाक लागा नकात. पाइपाचो बंपर करून देतंय. खालती दोन बार, वरती एक गोल. तुमी जातलास, बंपर ऱ्हवतलो." काकांच्या डोळ्यांपुढे आपली डिलाइट एखाद्या होमस्टेच्या गच्चीसारखी दिसू लागली. शिवाय गाड्यांना असले लोखंडी गार्ड लावायला केंद्र सरकारने २०१७च्या डिसेंबरात मनाई केली आहे, याची त्यांनी त्याला आठवण दिली. फॅब्रिकेटर म्हणाला, "सरकार हय खय बघूक येता?" हा युक्तिवाद आमच्या जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी चालतो, पण बंपर ही वस्तूच मुळी लोकांनी बघण्यासाठी असल्यामुळे इथे तो लागू पडला नाही.

तेव्हा क्रोमच करायचं ठरलं, आणि मग खरी गंमत कळली. क्रोमियम या धातूचा शोध १७९७मध्ये व्होक्लँ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सैबेरियातल्या तांबड्या खनिजातून लावला. त्याला एवढ्या लांबून खनिज आणवायची गरज नव्हती. क्रोमियम ज्या दगडातून काढतात तो क्रोमाइट आमच्या कणकवली तालुक्यात, जानवली आणि वागदे इथे जमिनीत पडून आहे. शाळेच्या भूगोलात हे आम्ही पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरलो. लोखंडाची खाण वेंगुर्ले तालुक्यात रेडीला. क्रोमच्या टाकीत शिशाच्या पट्ट्या टांगाव्या लागतात, आणि शिशाची परंपरा तर आमच्याइतकी जुनी कुणाकडेच नाही. १६६४मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम सुरू झालं तेव्हा पायात खंडीवारी शिसं ओतलं, असं सांगतात. समुद्राच्या तोंडाशी कुठला धातू वापरावा हे शिवाजी महाराजांना तेव्हा कळलं होतं. कुर्ल्याच्या कारखान्याला तीनशे वर्षांनीही कळलं नाही.

म्हणजे लोखंड आमचं, क्रोम आमचं, शिसं आमचं, आंबट पाणी आमचं, आणि गंज तर शंभर टक्के आमचा. तरी बंपर न्यायचा कुठे, तर घाटावर. कारण क्रोमच्या टाकीतलं ते नारिंगी-तांबडं पाणी म्हणजे क्रोमिक आम्ल. त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं, त्याच्या वाफेने कामगारांच्या नाकाचा पडदासुद्धा फाटतो. म्हणून इलेक्ट्रोप्लेटिंगचा समावेश प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लाल यादीत आहे. परवाने, सांडपाण्याची शुद्धीकरण यंत्रणा, तपासण्या. ते पाणी आमच्या खाडीत उतरण्यापेक्षा बंपर गंजलेला बरा, यावर काकांचंही दुमत नव्हतं. बांगड्याच्या बाबतीत मालवणी माणूस पर्यावरणवादीच असतो.

बंपर काढणं हा स्वतंत्र अध्याय. बोल्ट आणि नट यांचं इतक्या वर्षांत लग्नच लागलेलं होतं. खोबरेल झालं, रॉकेल झालं, ठोकून झालं. शेवटी ग्राइंडरने काडीमोड करावा लागला. पुढचा बंपर सुटला, तेव्हा त्याच्या पोकळीतून मुंबईचा चिखल, चिपळूणची माती आणि तारकर्लीची वाळू असा थरांचा प्रवासवृत्तान्त खाली पडला. मागच्या बंपरचे बोल्ट तर ग्राइंडरलाही दाद देईनात. तो पुढच्या खेपेवर गेला.

पाच फुटांच्या आसपासची वाकडी वस्तू एसटीतून नेणं म्हणजे एक नातेवाईक नेणंच. कंडक्टरने आधी बंपरकडे, मग काकांकडे बघितलं.

"ह्या काय?"

"बंपर."

"गाडयेचो?"

"गाडयेचोच. माणसाक खय आसता?"

"मगे गाडी खय आसा?"

गाडी असताना माणूस एसटीने का जातो, आणि बंपर सोबत घेऊन का जातो, हा प्रश्न कंडक्टरच्या सबंध नोकरीत आला नसावा. सामानाचं तिकीट फाडून त्याने तो मिटवला. शेजारच्या बाईंनी पदर सावरत धनुर्वाताचा विषय काढला. त्यांच्या माहेरी कुणाला तरी गंजका खिळा लागला होता, त्याची हकीगत कणकवलीपर्यंत पुरली. फोंडा घाट चढेपर्यंत बंपरच्या आजूबाजूच्या तीन सीट मोकळ्या झाल्या होत्या. दाजीपूरला गवे रस्त्याकडेला उभे होते. अंगाला बंपर नसतानाही एसटीसकट सगळी वाहनं त्यांच्यापासून अंतर ठेवून जात होती. काका त्यांच्याकडे आदराने बघत राहिले.

कोल्हापूर हे धातूच्या बाबतीत जाणतं गाव. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे ओतकामापासून लेथपर्यंत सगळं चालतं. हाकेच्या अंतरावर हुपरी, अख्खं गाव चांदीच्या कामातलं. जुन्या गाडीची कदरही इथे आहे. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा लोक सोनं लुटण्याआधी तिलाच डोळे भरून बघून घेतात. काकांनी हाच धागा पकडून प्लेटिंगवाल्याशी बोलणं सुरू केलं. प्लेटिंगवाल्याने मेबॅकचा विषय हसून बाजूला ठेवला, बंपर उचलला, बोटाच्या पेराने दोन-तीन ठिकाणी वाजवला आणि म्हणाला, "पावणं, ह्यो जॉब आतनं संपलाय."

बंपर आता 'जॉब' झाला होता. कारखान्यात गेलेल्या वस्तूला नाव राहत नाही. कोपऱ्यात बुलेटचे सायलेन्सर, खुर्च्यांचे पाय, कुठल्याशा देवळाच्या रेलिंगचे गोळे असे सगळे जॉब जातपात विसरून एकाच टाकीची वाट बघत होते.

"गाव कुठलं म्हणायचं?"

"मालवण."

त्याने बंपर खाली ठेवला. "मग वॉरंटी न्हाई."

"अहो, अजून कामाला हात तरी लावलात का?"

"काम एक नंबर हुईल, त्येचं बोला नको. पर सांगली-मिरजेला गाडी ठेवत असाल तर वॉरंटी लिहून देतो. मालवण म्हटल्यावर न्हाई."

मग त्याने चहा मागवला आणि काकांना क्रोमचं गुपित सांगितलं. बंपरवर जे चमकतं ते क्रोम नसतंच मुळी. आधी जुनं क्रोम आम्लात उतरवायचं. त्यानंतर जे उघडं पडतं ते बघवत नाही. खड्डे, चाळण, एखादं आरपार भोक. ते भोक वेल्डिंगने भरायचं, पोचे हातोडीने काढायचे, आणि मग बफ मारायचा. बफवाला म्हणजे अंगभर काळा भुसा बसलेला आणि फक्त डोळे दिसणारा माणूस. फिरत्या चाकावर तो बंपर तासन्‌तास दाबून धरतो. मग तांब्याचा जाड थर द्यायचा, तो खड्ड्यांतून भरून निघाला की पुन्हा बफ. मग निकेलच्या टाकीत अर्धा तास, आणि सगळ्यात शेवटी क्रोमच्या टाकीत दोन-चार मिनिटं. तेवढ्यात बसतं ते क्रोम किती, तर मायक्रॉनच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढं. डोक्यावरच्या केसाच्या जाडीचे दोनशे भाग केले तर त्यातला एक. निकेल कालांतराने पिवळट पडतं. ते पडू नये आणि वर निळसर झाक यावी, एवढ्यासाठी हा अंगरखा. थोडक्यात, माणूस पैसे क्रोमचे देतो, चमक निकेलची असते, गुळगुळीतपणा तांब्याचा असतो आणि घाम बफवाल्याचा.

काकांना बालपणीचा कल्हईवाला आठवला. तोही भट्टीवर भांडं तापवून, नवसागर टाकून, कथलाचा असाच पातळ हात फिरवायचा. पण कल्हई भांड्याच्या आतून व्हायची आणि क्रोम बंपरच्या बाहेरून होतं. एकीचा उपयोग जेवणाऱ्याला, दुसऱ्याचा बघणाऱ्याला.

"मग गंजतो का?" काकांनी विचारलं.

प्लेटिंगवाल्याने दोन कारणं सांगितली. पहिलं, क्रोमचा करंट कोपऱ्या-कपारीत शिरत नाही, म्हणून बंपरच्या पाठीवर मुलामा बसतच नाही. गंज नेहमी तिथूनच आत येतो. तेव्हा पाठीला रेड ऑक्साइड, वर चांगला रंग आणि त्यावर ग्रीस. दुसरं कारण त्याने जरा हळू आवाजात सांगितलं, कारण ते धंद्याच्या विरोधात होतं. जस्ताच्या थराला भोक पडलं तर जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. निकेलचं उलटं. निकेलच्या थराला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं, त्यातून खारं पाणी आत गेलं, की निकेल मजेत राहतं आणि खालचं लोखंड उघड्यावर असतं त्याहून वेगाने झिजतं. वरून मात्र सगळं चकचकीत. काकांनी सरकारी नोकरी केलेली असल्यामुळे त्यांना हे लगेच समजलं.

ठरलेल्या आठवड्यात बंपर तयार नव्हता. "लाईट गेली," प्लेटिंगवाला फोनवर म्हणाला. ही सबब भारतात पिठाच्या गिरणीपासून झेरॉक्सपर्यंत सगळे देतात, पण ती शंभर टक्के खरी असलेला हा एकमेव धंदा असावा. क्रोम बसत असताना मध्येच करंट तुटला तर थर पांढुरका पडतो, आणि सगळं उतरवून पुन्हा करावं लागतं. तेव्हा कोल्हापुरात वीज गेली की मालवणात काकांच्या घरात अंधार पडायचा.

शेवटी बंपर आला. परतीच्या एसटीत त्याच्या शेजारी बसायला माणसं सरसावली. एका कॉलेजकुमाराने त्यात केस सारखे केले, एका बाईंनी कुंकू, आणि कंडक्टरने इकडे-तिकडे बघून मिशी. धनुर्वाताचं नाव कुणी काढलं नाही. बंपर बाहेरून फुगीर असल्यामुळे त्यात प्रत्येकाचे गाल आहेत त्यापेक्षा भरलेले दिसत होते, आणि त्यामुळे सगळी एसटी सुखवस्तू वाटत होती.

गाडीला बंपर लागला आणि गाडी म्हातारी झाली. काल-परवापर्यंत जी फियाट 'वयाच्या मानाने बरी' दिसायची, तिचे दिव्यांचे रिंग आता काळवंडलेले दिसू लागले. मग जाळी दिसली. मग दारांचे हँडल, मग चाकांच्या टोप्या, मग बाजूची बीडिंगची पट्टी. गाडी संपल्यावर नजर घराच्या फाटकावर गेली, फाटकावरून पडवीच्या रंगावर. काकांनी केस काळे करून घेतले तेव्हा काकींनी बंपरला बोल लावला. एक वस्तू चकचकीत करण्यातला धोका हाच आहे. जे गंजलेलं असतं ते शेजाऱ्याला सांभाळून घेतं. चकचकीत वस्तू सगळ्या घराचं पितळ उघडं पाडते.

फक्त न्हाणीतला नळ क्रोमचा असूनही तसाच गळत राहिला.

आता बंपरचे नियम सुरू झाले. वाऱ्याची दिशा बघूनच गाडी बाहेर. संध्याकाळी बंदरावर नाही, कारण तिथे तुषार. चिवल्याला नाही, तारकर्लीला नाही, आचऱ्याला तर नाहीच. बाहेरून आल्यावर काकांनी पाय धुवायच्या आधी बंपरला गोड्या पाण्याची आंघोळ, मग मऊ फडका, मग मेण. मालवणात समुद्राकडे जायचं नाही म्हटलं की जायला फारसं काही उरत नाही. त्यामुळे गाडी खळ्यात, माटवाखाली, बंपरवर जुनं मऊ धोतर गुंडाळून उभी राहू लागली. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना दर्शन बाप्पाचं आणि नंतर बंपरचं. धोतर बाजूला होई, मंडळी वाकून आपले गाल बघत, आणि धोतर परत.

याच दिवसांत कुणीतरी काकांच्या कानात व्हिंटेजचा नियम घातला. केंद्र सरकारने २०२१मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली, 'व्हीए' मालिकेची नंबरप्लेट, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि रोजच्या वापरात ती काढायची नाही. पहिल्या अटीचं काही का असेना, दुसरी काका आधीपासूनच काटेकोर पाळत होते.

आणि मग, ज्याची मालवणात प्रत्येक गाडीवाल्याला धास्ती असते, ते झालं. खळ्यातल्या माडाने एके दुपारी नारळ टाकला. माटवाची झापं भेदून तो थेट बॉनेटवर. आवाज ऐकून वाडी गोळा झाली. बॉनेटला चांगली परातीएवढी खोल खळी पडली होती. काका धावत आले, बॉनेटकडे बघितलंही नाही, खाली बसले, धोतर सोडलं, बंपरवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला आणि उभे राहून म्हणाले, "वाचलो!"

"बॉनेट मोडला मां," काकी म्हणाल्या.

"मोडूं दे. बंपर वाचलो."

धडक बसली तर बंपरने पुढे होऊन गाडी वाचवावी, असं अमेरिकन सरकार म्हणतं. मालवणात गाडी पुढे होते आणि बंपर वाचवते.

वाडीतल्या एका शहाण्याने तेव्हा विचारलं, की काकानू, इतका जपण्यापेक्षा ही गाडी घाटावर कुणाला तरी देऊन टाका ना. कोल्हापुरात, सांगलीत बंपर वीस वर्षं टिकेल. काकांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू पोरगी घाटावर देण्याचा सल्ला त्याने दिला असावा.

"थय टिकतलो, माका म्हायत आसा," ते म्हणाले. "पण थय तेका बघतलो कोण? थय सगळ्यांचेच चकचकीत. हय आख्ख्या गावात येकच आसा. गाडी माजी आसा रे, पण बंपर दर्याचो. तो न्हेयसर मिरवतलंय."

मागचा बंपर पुढच्या वर्षी करायचा बेत आहे. तोवर पुढच्याचीही पाळी परत आलेली असेल, असा प्लेटिंगवाल्याचा अंदाज आहे. म्हणून त्याने काकांना दोन्ही एकदम आणलेत तर भाव कमी करीन, असं कळवलं आहे. आम्हाला वाटलं होतं, मालवणच्या गिऱ्हाइकाला वॉरंटी न देणारा हा माणूस आमच्या गावाला वचकून असेल. तसं काही नाही. त्याचा एक भागीदार इथेच बसून, बारा महिने, सुट्टी न घेता काम करतो, पगार मागत नाही, आणि त्याची वीजही कधी जात नाही.